वेणूबाईंच्या नावापुढचा शेरा

मी, विष्णु गणेश आठल्ये, वय बासष्ट, निवृत्त टाइमकीपर, राहणार मांजर्ली, बदलापूर, तालुका कल्याण, माझ्यामागे माझ्या चीजवस्तूंचे काय करावे ते लिहून ठेवीत आहे. डोके शाबूत आहे, छाती नाही. कोणाची जबरदस्ती नाही. उलट पत्नी म्हणते, पडा जरा. मला पडवत नाही.

१. राहते घर माझ्या कमाईचे आहे. ते पत्नी सौ. सुहासिनी हिला पूर्ण मालकीने द्यावे, हयातीपुरते नव्हे. नदीचे पाणी जोत्याला लागले की धान्याचे डबे माळ्यावर चढवावे लागतात. आजवर ते तिनेच चढवले, हे लिहिताना ध्यानात आले.

२. पोस्टातील शिल्लक कन्या कुंदा हिच्या शिक्षणाला. लग्नखर्चाकडे वळवू नये.

३. धाकटे बंधू चिंतामणी यांस काही नाही. त्यांनी तेराव्याला यावे, जेवावे. माझ्याविषयी बोलू नये. कारण पुढे आहे.

४. सन १९५२. अंबरनाथच्या ज्या कारखान्यात आम्ही दोघे भाऊ होतो, तेथे सुताची चार रिळे कमी भरली. पाळी सुटताना बायकांना गेटवर अडवून लुगडी सोडून झडती घेण्याचा हुकूम झाला. आडोसा म्हणून एक चादर. चामटोलीच्या वेणूबाई पुढे आल्या. म्हणाल्या, "पिशवी बघा, डबा बघा. अंगाला हात लावू देनार नाय." त्या नुसत्या उभ्या राहिल्या. साहेबांनी मला शेरा लिहायला सांगितले. मी लिहिले: झडतीस नकार, चोरीचा संशय. त्यांची नोकरी गेली. त्या शेऱ्यामुळे दुसरीकडेही कोणी उभे केले नाही. दोन दिवसांनी रिळे गोदामात सापडली. शेरा खोडू या, असे मी चिंतामणीला म्हटले. तो म्हणाला, "मजुरणीला कसली आली आहे अब्रू?" शेरा तसाच राहिला.

पगार, रजा, भत्ता यांचे कायदे मला पाठ होते. परंतु माणसाला मान असतो म्हणूनच त्याला हे सारे मागता येते, आणि तो मान कोणत्याही साहेबाने दिलेला नसतो, हे मला त्या बाईंनी दाखवले.

५. माझ्या मृत्यूनंतर कुंदाने कलम ४ त्याच गेटवर वाचून दाखवावे.

काल येथवर लिहून उठलो. मेल्यावर मुलीच्या तोंडून माफी मागणारा मी कोण? आज सकाळी उल्हासनगरच्या बाजारात गेलो. वेणूबाई तेथे भाजी विकतात. घरातले शिलाईचे यंत्र त्यांच्या नावे लिहितो म्हटले, ते त्यांनी नाकारले. गेटवर जाऊन बोलतो म्हटल्यावर टोपली शेजारणीकडे दिली. म्हणाल्या, "येते. पन तुमच्या मागं उभी नाय राहनार."

पाळी सुटताना आम्ही शेजारी उभे राहिलो. चिंतामणी कारखान्यातून बाहेर येऊन घरी चला म्हणाला. मी बोललो: शेरा खोटा होता, मी लिहिला होता, यांनी चोरी केली नव्हती. बायका थांबून ऐकत होत्या. वेणूबाई मला एवढेच म्हणाल्या, "पाच वर्सं लागली तुमाला."

सबब कलम ५ रद्द. कलम ३ कायम.

वरील सर्व मी वाचून पाहिले, खरे आहे. दोघा साक्षीदारांसमक्ष सही करतो.

मांजर्ली, बदलापूर. ता. १५ मे १९५७.
विष्णु गणेश आठल्ये

साक्षीदार:
१. डॉ. श्यामकांत वैद्य, बदलापूर
२. वेणूबाई नाथा भोईर, चामटोली. अंगठा देणार नाही म्हणाल्या. सही स्वहस्ते केली, वेळ लागला, आम्ही थांबलो.