एका घरात एक अक्षर

सोमवार
लिहायला उशीर झाला, रागावू नकोस. रोज लिहीन असं कबूल केलं आणि पहिल्याच दिवशी खाडा होता होता राहिला. सामान लावत होतो. घर छान आहे गं! छापखान्याची वसाहत, एकसारख्या बैठ्या घरांच्या पाच ओळी, ओळीत पाच घरं. आपलं आठ नंबरचं. सातला कायम कुलूप. नऊमध्ये शिंपीणबाई राहतात, फार बोलक्या. माझी जमिनीवर लोळणारी विजार बघून म्हणाल्या, "काका, रस्ता झाडायला वेगळा माणूस आहे, तुम्ही कशाला?" आणि उभ्या उभ्या टीप मारून दिली. रविवारी तू येशील तेव्हा ओळख करून देतो.

मंगळवार
संपादकसाहेब म्हणतात, साप्ताहिक आता संगणकावर निघणार, तर शब्दकोड्याची चौकटही तुम्हीच उभी करा. जन्म छपाईचे शिशाचे खिळे जुळवण्यात गेला, शाळा चौथीत सुटली, आणि आता हे! वसाहतीसारखीच चौकट धरली, पाच बाय पाच. एक घर नीट करावं तर दुसरं खाली घसरतं. अक्षर घातलं की घर फुगतं. डोकं उठलं.

बुधवार
चौकट उभी राहिली एकदाची. आठवं घर काळं करायचं म्हणून आठ लिहिलं, तर काळं झालं नववं! धाकट्याला फोन केला. तो हसला. म्हणाला, बाबा, संगणक शून्यापासून मोजतो. मी म्हटलं, शून्य म्हणजे काही नाही, काही नाही तिथं घर कसं असेल? वैतागून राहू दिलं तिथंच.
घरी आलो तर शेजारी नऊ नंबर नाही. आठनंतर कोरी भिंत, मग दहा. दहावाल्या मास्तरांना विचारलं, तर म्हणाले, कोण शिंपीणबाई?
विजारीला तिची टीप आहे. मी पुन्हा पुन्हा बघतो.

गुरुवार
सकाळी कचेरीत जाऊन चौकटीतलं ते घर पांढरं केलं. धावत आलो. नऊ नंबर उभं होतं, दार उघडं. आत माणूस नाही, सुईसुद्धा नाही.
पांढरं म्हणजे रिकामं, हे मला कळायला हवं होतं.
परत गेलो, त्या घरात अक्षर घातलं. एका घरात एकच बसतं. 'शिं' घातलं.
आता भिंतीपलीकडून आवाज येतो. शिं. शिं. शिं. तिचाच आवाज. दुसरं काही बोलत नाही.

शुक्रवार
साहेबांना सगळं सांगितलं. ते चिडले. काळं घर नसेल तर शब्द संपणार कुठं? दुपारपर्यंत चौकट द्या, नाहीतर घराची किल्ली ठेवा टेबलावर.
माणूस नसलेलं एकच घर आहे, सात नंबरचं, कुलूपवालं. तेच करतो. कोणाचं नुकसान नाही.

शुक्रवार, दुपार
सात लिहिलं. दिलं.
साहेब खूश. जाता जाता म्हणाले, वहिनी आज सकाळीच आल्या की, रविवारपर्यंत धीर धरवेना म्हणाल्या. दुसरी किल्ली मीच दिली.
चौकट बघितली. काळं घर सातवं नाही, आठवं—
शून्य. शून्यापासून. जन्मभराची एकपासून मोजायची सवय, हा मेला हात—

भिंत आहे. गार. दोन्ही हातांनी थापा मारल्या. तुझी पिशवी बाहेर पायरीवर— पायरी तेवढी राहिली आहे.

परत कचेरीत. घर पांढरं करता येईल, पण तू रिकामी— नाही. अक्षर घालायलाच हवं. एकच बसतं. धाकटा फोन उचलत नाही. पलीकडे साहेब विचारतात, कोण वहिनी?
तुझ्या नावात तीन अक्षरं. कुठलं घालू? कुठल्या एकात तू जास्त आहेस? ऐकतेस ना? आतून भिंतीवर थाप मार, काहीही कर, पण लवकर कळव, माझ्याही तोंडात आता ते नाव नीट येत नाही, पहिलं अक्षर होतं—