पाटावरचा डगला

आत्याबाई, आज दिवाळीचा पाडवा. सकाळी पाट मांडला, त्यावर ह्यांचा जुना लाल डगला ठेवला आणि तुमची इतकी आठवण आली की कागद घेऊन बसले. मागच्या रजेत ह्यांनी कोळशानं भिंतीवर अक्षरं काढून मला लिहायला शिकवलं, त्यांना पत्र टाकावं म्हणून. पण त्यांना लिहायचं म्हटलं की दोन ओळींत सगळं संपतं. संसार तरी त्यांच्याशी कुठं झाला? ते पलटणीत, आणि मी इथं तुमच्यापाशी.

माझा या घरातला पहिला पाडवा आठवतो का तुम्हाला? कर्जतकडच्या शेतकऱ्याची मी पोर. हळद उतरली नाही तोच हे पलटणीबरोबर समुद्रापार एडनला गेले, आणि खालापूरच्या या घरात आपण सासू-सुना दोघीच उरलो. तुम्ही कामापुरतं बोलायच्या, मी तेवढंही नाही. माहेरी भातकापणी सोडून सगळे दिवाळीला एकत्र बसले असतील, या विचारानं मी चुलीपुढं धुराचं निमित्त करून रडून घेत होते. तेवढ्यात बघते तर तुम्ही पाट मांडता, डगला घडी घालून त्यावर ठेवता, वर पागोटं, पुढं दिवा. आमच्याकडं माणूस गेलं की त्याचे कपडे असेच पाटावर ठेवतात. मला वाटलं, एडनहून सांगावा आला आणि तुम्ही तो असा कळवताय. मी हंबरडा फोडला आणि बांगड्या फोडायला हात जात्यावर उगारला.

तुम्ही मनगट असं धरलंत की वळ उठले. म्हणालात, "हात खाली घे. पोर जिता हाय माझा. पलटणीच्या घरात डगला येणाऱ्याची वाट बघतो गं, गेलेल्याची नाय."

मग शेजारच्या पलटणवाल्यांच्या बायका आल्या. त्यांच्याही घरी पाटावर डगलेच. माझा पराक्रम ऐकून त्या पोट धरून हसल्या. जित्या नवऱ्याला रडली, आता त्याचं आयुष्य वाढलं, म्हणाल्या, आणि एकीनं माझे डोळे पदरानं पुसून हातात ताट दिलं. मी ओवाळायला लागले तेव्हा तुम्ही लांब दाराशी जाऊन उभ्या राहिलात. मी बोलावलं, तर म्हणालात, "मी अशी रांडाव. मला दिवा फिरवता येत नाय. तू आलीस म्हणून या घरात आज दिवा फिरला." त्या घटकेपासून हे घर माझं झालं. माहेरची आठवण त्यानंतरही यायची, पण परकं वाटलं नाही.

तुम्ही गेलात, आता त्या बायकाही पांगल्या. कुणी नवऱ्यामागं छावणीत राहायला गेली, कुणी गेलीच. देवानं मूल दिलं नाही. ह्यांची पेन्शन जवळ आली म्हणतात, पण दरवर्षीच म्हणतात. आज कोणी आलं नाही. फराळ केला तो थोडाच, आणि तोही झाकून ठेवला आहे.

हा कागद टाकायचा कुठं? राहू दे इथंच फळीवर. एक मात्र सांगते, रागावू नका. आज मी दोन पाट मांडले. दुसऱ्यावर तुमचं लुगडं ठेवलं. विधवेला कोणी ओवाळत नाही, ठाऊक आहे मला. तरी पहिला दिवा तुमच्यापुढं फिरवला, डगल्यापुढं मागाहून.