एक दशांश वजा

२ फेब्रुवारी, रविवार, दुपारी ४

आजपासून रोजनिशी. कारण माझं निरीक्षण वाया जातंय. घरात ते कुणाला नकोय.

महिला जिम्नॅस्टिक्सची बीम फायनल, म्हणजे अरुंद लाकडावरच्या कसरतींची, पाहिली. आठ जणी. आठही जणींना मी पंचांच्या आधी गुण दिले. सहा जणींच्या बाबतीत पंच चुकले.

काळ्या रिबिनीवाली उतरली तेव्हा तिचा डावा पाय चार बोटं सरकला. (हिचं खरं नाव मला उच्चारता येत नाही, पण तिच्या गुडघ्यांशी माझी आठ वर्षांची ओळख आहे.) मी सोफ्यावरून ओरडलो, एक दशांश वजा! पंचांनीही नेमका तेवढाच कापला. सौ. म्हणाली, त्यांना ऐकू गेलं असेल.

उंच मानेची मात्र पडली. गिरकी घेताना टाच निसटली आणि थेट खाली. पडलं की पूर्ण एक गुण जातो. मी म्हटलं, संपली बिचारी. भिंगरी शेजारीच बसली होती. भिंगरी म्हणजे आमची कन्या, वय बारा, तीही जिम्नॅस्ट आहे, म्हणजे व्हायची आहे. ती म्हणाली, बाबा, ती परत चढली ते पाहिलंस का? मी म्हटलं, परत चढायचे गुण नसतात. ती उठून आत गेली. अभ्यास असेल.

३ फेब्रुवारी

लोक म्हणतात, यानं जन्मात कधी कोलांटी मारली नाही, याला काय कळतं जिम्नॅस्टिक्समधलं. मी एकोणीस वर्षं कपांच्या कारखान्यात तपासणीला आहे. पट्ट्यावरून मिनिटाला वीस कप येतात. पांढऱ्या दिव्याखाली फिरवायचा, काठाला टवका, कान तिरका, झिलईला फोड, काहीही दिसलं की लाल खडूची फुली. मी आजवर एक तरी कप बनवलाय का? नाही. मग?

घरात सगळे बाद कपच आहेत. कामगारांना ते न्यायला मुभा आहे. सौ. तिरक्या कानाचा कप मुद्दाम घेते. म्हणते, यात बोट बरं बसतं. मी मान फिरवून चहा पितो.

६ फेब्रुवारी

क्लबवर गेलो. पालकांच्या बाकावर पहिली जागा, हातात वही.

इथे एक गोष्ट लिहून ठेवतो. सोळा मार्चला क्लबची स्पर्धा आहे. चार साधनांवर मिळून चाळीस गुण झाले की वरच्या गटात प्रवेश. भिंगरीचा माझा हिशेब पक्का आहे. बीमवरून पडली नाही तर साडेचाळीस, पडली तर साडेएकोणचाळीस. गेल्या वर्षी पडली. त्यानंतर दोन दिवस ती धड जेवली नव्हती. म्हणजे सगळं त्या दहा सेंटिमीटर रुंद लाकडावर आणि त्यावरच्या मागच्या कमानीवर अवलंबून आहे. हात वर, अंग मागे, तळवे बीमवर, मग एकेक पाय.

आज कमान करताना तीनदा पडली. मी बाकावरून फक्त एवढंच म्हटलं, खांदे! मग, नजर! मग, अगं पोट! कोचबाईंनी माझ्याकडे वळून पाहिलं. दाद देणाऱ्या लोकांची नजर अशीच असते.

११ फेब्रुवारी

कारखान्यात जादा पाळी. क्लबला जाता आलं नाही. सौ.नं सांगितलं, भिंगरीनं दहा कमानी केल्या, एकदाही पडली नाही. शक्य आहे. कुणी बघत नसलं की माणूस वरवर करतो.

१३ फेब्रुवारी

गेलो. दोनदा पडली. मी असलो की ती मनापासून करते हे सिद्ध झालं.

१८ फेब्रुवारी

सर्दी. घरीच. ती पडली नाही म्हणे.

२० फेब्रुवारी

गेलो, शिंकत का होईना. ती तीनदा पडली. चौथ्यांदा बीमवर चढायच्या आधी तिनं माझ्याकडे पाहिलं. आधार शोधत असावी. मी वही उंच करून दाखवली.

घरी आलो तर फ्रिजवर कागद चिकटवलेला. सौ.नं आखलेला. रकाना पहिला, तारीख. दुसरा, हे हजर की गैरहजर. तिसरा, भिंगरी किती वेळा पडली. मी नीट वाचला. रेघा तिरप्या आहेत. तीन दशांश वजा.

२३ फेब्रुवारी, रविवार

भांडी विसळताना भिंगरी म्हणाली, बाबा, सोळा तारखेला तू नाही आलास तरी चालेल.

चालेल म्हणाली. येऊ नकोस असं म्हणाली नाही. मी हे सौ.ला समजावून सांगितलं. सौ. म्हणाली, अहो, तिनं हे म्हणायला तीन दिवस लावलेत. मी कप पुसत राहिलो. कोरडा होता, तरी पुसत राहिलो.

मला वाईट वाटलं. इथे कुणी वाचत नाही म्हणून लिहितो, फार वाईट वाटलं.

संकल्प. एक मार्चपासून कुणाचाही एकही दशांश कापायचा नाही. घरात, रस्त्यावर, टीव्हीसमोर. तोंडाला कुलूप.

१ मार्च

सकाळी सातला संकल्प सुरू. सात चाळीसला वरच्या मजल्यावरचे काका जिन्याची शेवटची पायरी चुकले. मी ओठ घट्ट मिटले होते, पण तीन दशांश हे शब्द नाकातून आले. काका आता बोलत नाहीत. त्यांचं लँडिंग खरंच वाईट होतं.

उद्यापासून.

२ मार्च, रविवार

टीव्हीवर काळ्या रिबिनीवाली होती. वय सव्वीस. या खेळात हे आजीचं वय. अनइव्हन बारच्या दांडीवरून तिनं मधूनच हात सोडले, उतरली, कोचशी दोन शब्द बोलली आणि जॅकेट चढवून बसून राहिली. समालोचक म्हणाला, हवेत असताना आपण कुठे आहोत हे तिला कळेनासं झालंय. मी म्हटलं, एवढी वर्षं केल्यावर? याला काय अर्थ आहे? मध्येच सोडायचं म्हणजे काय?

भिंगरी म्हणाली, मला समजतं तिचं.

हा गुण कापण्याचा प्रकार नव्हता. टीव्ही बंद केला.

४ मार्च

नवा मार्ग. खेळ आतून समजून घ्यायचा. पॅसेजमध्ये फरशीवर चिकटपट्टीच्या दोन रेघा मारल्या, मध्ये दहा सेंटिमीटर अंतर, लांबी पाच मीटर. खरा बीम सव्वा मीटर उंच असतो. उंची पुढच्या आठवड्यात घ्यायची.

तिसऱ्या पावलाला पडलो. बीम जमिनीवर, मीही जमिनीवर, तरी पडलो. चपलांचा रॅक अंगावर आला. आवाजानं भिंगरी धावत आली. तिनं माझ्या अंगावरच्या चपला बाजूला केल्या, हात दिला आणि म्हणाली, पडल्यावर दहा सेकंद असतात बाबा, परत चढ.

चिकटपट्टी जुनी होती. आज घोट्याला बर्फ.

८ मार्च

मोठी बातमी! कोचबाईंनी स्वतः फोन केला. स्पर्धेला माझी मदत हवी आहे. फार जबाबदारीचं काम, भरवशाचा माणूस पाहिजे, सकाळपासून शेवटपर्यंत जागा सोडायची नाही. मी म्हटलं, पंच कमी पडले का? त्या म्हणाल्या, पार्किंग.

एकदम वर कुणीच जात नाही. शिवाय पार्किंग हॉलच्या बाहेर आहे, म्हणजे भिंगरीचं म्हणणंही पाळलं जातं. मी तिला शब्द दिला, आत पाऊल टाकणार नाही. तिच्या चेहऱ्यावर जे आलं ते पाहून मला बरं वाटायला हवं होतं.

१२ मार्च

बिल्ला तयार केला. पुठ्ठा, निळी शाई, वर प्लॅस्टिक. तांत्रिक समिती. पार्किंग हेही एक तंत्रच आहे. सौ. म्हणाली, हे अंगाशी येईल. तिला बिल्ल्यांमधलं काही कळत नाही.

आज कारखान्यात साहेबांनी बोलावलं. चांगले कप बाद करतोय म्हणाले. मी म्हटलं, साहेब, कान अर्ध्या अंशानं कलले होते. ते म्हणाले, माझेही कललेत, मला बाद करणार का? मी नीट निरखून पाहिलं. कललेत.

१६ मार्च, रविवार, सकाळी ६.३०

भिंगरीचे केस सौ.नं बांधले. एक बट बाहेर होती. मी काहीही बोललो नाही. संकल्पाचा हा पहिला यशस्वी क्षण, म्हणून नोंद.

१६ मार्च, संध्याकाळी ६

झालं ते क्रमानं लिहितो.

अकरापर्यंत पार्किंग सांभाळलं. उत्कृष्ट. गाड्या एका रेषेत. कुणाला निघता येत नव्हतं, पण रेष होती. आतून टाळ्या ऐकू आल्या की मी गाड्या परत मोजायचो. सौ. मधून मधून निरोप पाठवत होती. व्हॉल्ट बरा. बार बरे. फ्लोअर छान. बीम राहिला.

एवढ्यात एक पंचबाई बाहेर आल्या. बाहेरगावच्या, कुणाला ओळखत नव्हत्या. बीमच्या टेबलावर स्टॉपवॉच धरणाऱ्या पालक दातांच्या डॉक्टर, त्यांना पेशंटसाठी अचानक जावं लागलं होतं. बाईंनी माझा बिल्ला वाचला, दंड धरला आणि म्हणाल्या, चला. मी म्हटलं, माझी मुलगी आहे आत. त्या म्हणाल्या, इथे प्रत्येकाचीच आहे, तुम्हाला गुण द्यायचे नाहीत, फक्त वेळ बघायची आहे. मी म्हटलं, मी शब्द दिलाय. त्या म्हणाल्या, मुली ताटकळल्यात.

बीमपासून दोन मीटरवर खुर्ची. आयुष्यात इतक्या जवळ बसलो नव्हतो. हातात स्टॉपवॉच. मुलगी बीमवर चढली की दाबायचं, उतरली की दाबायचं, नव्वद सेकंदांच्या वर गेली तर सांगायचं. पुढचं नाव पुकारलं गेलं. भिंगरीचं.

ती पुढे आली आणि तिनं मला पाहिलं. तो चेहरा मी विसरणार नाही. रागावली नव्हती. नुसती विझली.

पंचबाई कानाशी म्हणाल्या, घड्याळाकडे बघा, मुलीकडे नाही.

मी मान खाली घातली. ती चढल्याचा आवाज आला. मी बटण दाबलं. आणि मग मी डोळे मिटले. एकाग्रतेसाठी असं लिहिणार होतो. तसं नव्हतं. मी पाहिलं असतं तर मला खांदे दिसले असते, गुडघे दिसले असते, आणि ते माझ्या तोंडावर उमटलं असतं, आणि तिला ते दिसलं असतं. फ्रिजवरचा कागद मला पहिल्याच दिवशी कळला होता.

मग नुसते आवाज. थप. थप. गिरकीची खरखर. कुणीतरी खोकलं. मग काहीच नाही. कमान होती ती, मला माहीत आहे, तिच्याआधी ती श्वास रोखते. मीही रोखला. मग थप आणि थप. एकेक पाय. लाकडावर! गादीवर नाही, लाकडावर! गादीचा आवाज मी चांगला ओळखतो.

शेवटी मोठ्ठा आवाज, उतरल्याचा. मग टाळ्या. जिवात जीव आला.

पंचबाई म्हणाल्या, वेळ? मी डोळे उघडले. घड्याळात शून्य शून्य, शून्य शून्य. छान उजळलेलं. मी स्टार्टऐवजी लाइटचं बटण दाबलं होतं.

पंच्याऐंशी म्हणता आलं असतं. कुणाला कळलं नसतं. मी म्हटलं, शून्य.

हॉलमध्ये लोक हसले. पंचबाई हसल्या नाहीत. त्या म्हणाल्या, चूक घड्याळाची आहे, मुलीची नाही, वेळेचे गुण कापणार नाही. मग माझ्या हातातून घड्याळ घेतलं आणि हलकेच बिल्लाही.

भिंगरीचे चाळीस पूर्णांक सहा दशांश. वरचा गट! दोन्ही हात वर करून ती आईकडे धावली आणि मग, जरा थांबून, माझ्याकडेही आली.

१६ मार्च, रात्री जेवणानंतर

सौ.नं बीमचा व्हिडिओ काढला होता. तिघं बसून पाहिला. दीड मिनिट माझं टक्कल. डावीकडून मधूनच एक हात येतो, उजवीकडून एक पाय. कमानीच्या वेळी माझ्या डोक्यावर दोन तळवे उगवतात. बाकी काही नाही.

भिंगरीनं विचारलं, बाबा, खरं सांग, कमान कशी होती? किती कापलेस?

आठ वर्षं मी या प्रश्नाची वाट पाहतोय. मी म्हटलं, मी पाहिली नाही, डोळे मिटले होते.

आधी तिला खरं वाटेना. मग ती इतकी हसली की तिरक्या कानाच्या कपातलं दूध टेबलावर सांडलं. मग म्हणाली, पुढच्या वेळी पण घड्याळ तूच धर.

१७ मार्च, संध्याकाळी

कोचबाईंकडून जुनं स्टॉपवॉच मागून आणलं. बटणाचा सराव सुरू. रोज शंभर वेळा. जाणकार माणसानं साधनाची हेळसांड करता कामा नये.

वीस वेळा दाबलं. तेरा वेळा लाइट लागला. भिंगरी शेजारी बसून मोजत होती. तिनं एकही दशांश कापला नाही. म्हणाली, परत दाब, बाबा.

दाबलं. लाइट लागला.