टेंभुर्णीचं लग्न

चांदूर बाजार, ३० मे १९६२, संध्याकाळ

टेंभुर्णीला फळ धरलं! हरभऱ्याएवढं, हिरवं, डोक्यावर टोपी घातलेलं. खरंच आहे ना, म्हणून पुन्हा पुन्हा हात लावून पाहिला.

शेताच्या बांधावरचं, धुऱ्यावरचं हे झाड ह्यांच्या फार आवडीचं. शेजाऱ्यांनी आपापल्या टेंभुर्ण्या तोडल्या, तेव्हापासून याला फळच नाही. भाऊजी म्हणाले, "वयनी, वांझ झाड हाय. पाऊस पडायच्या आत तोडतो." वांझ कसं? वाचनालयातल्या पुस्तकात मी वाचलं होतं, टेंभुर्णीत नर वेगळा, मादी वेगळी. आमच्या झाडाजवळ नरच उरला नव्हता.

म्हणून चैत्रात परतवाड्याला भावाकडे गेले आणि जंगलातून नराची फुललेली फांदी आणली. एस.टी.त ती पाण्याच्या लोट्यात धरून बसले, तर कंडक्टर म्हणतो, "बाई, नवरदेवाचंबी तिकीट फाडू काय?" झाडावर लोटा बांधताना धाकटी जाऊ हसत सुटली. "बाई, झाडाचं लग्न लावून राहिल्या काय? मंग वरमाय तुमीच!" लग्नघरी मला हळदीला कोणी हात लावू देत नाही. मीही पोट धरून हसले. पुढचं मधमाश्यांनी पाहिलं.

आज भाऊजी कुऱ्हाड घेऊनच आले होते. मी फांदी वाकवून दाखवली. त्यांनीही फळाला हात लावून पाहिला. "पिकलं का पयलं मले द्या," म्हणाले आणि कुऱ्हाड खांद्यावर टाकून परतले.

पिकायला पुढचा उन्हाळा उजाडेल. हे असते तर कच्चंच तोडून खाल्लं असतं, तुरट लागून तोंड वाकडं केलं असतं, आणि वर छान आहे म्हणाले असते.

उद्या सकाळी पुन्हा टोपी पाहून येते.