आईला न मानवलेलं घर

फैजपूर,
बुधवार, दि. २१ ऑगस्ट १९९१

चि. सौ. प्रमिलास लिलाबाईचा आशीर्वाद.

इकडे आम्ही सगळे बरे आहोत. तुमचंही बरंच असेल असं लिहिणार होते, पण रविवारी बन्सीभाऊजी सांगत होते की तू शाळेत वर्गातच चक्कर येऊन पडलीस. आता कशी आहेस? डॉक्टरला दाखवलंस का?

आपल्या कुळाच्या आईचं, कानबाईचं, श्रावणातलं बसणं यंदाही यथासांग झालं. नैवेद्याच्या रोटाचे गहू दळण्यापासून सगळं आमच्या सुनंदानं केलं. हल्लीच्या सुनांत एवढी कामाची नाही मिळायची. भाऊजी मात्र तिसऱ्या वर्षीही एकटेच आले, रोट खाल्ला आणि सोमवारी दुपारच्या एस.टी.नं गेले. तू का आली नाहीस, हे मी विचारलं नाही. कोणीच विचारलं नाही.

आता जे लिहायला बसले ते लिहिते.

ते ८८ साल. सासूबाई जाण्याआधी सांगून गेल्या होत्या, की कानबाई वर्षाआड बन्सीकडे बसवा. म्हणून ती पहिल्यांदा धुळ्याला तुझ्या घरी बसली. मी इथून केळीचे खांब घेऊन आले, दारात पाऊल टाकलं आणि माझं डोकंच फिरलं. काय ती आरास! नारळाला नथ अशी घातली होतीस की आई आता बोलते की काय असं वाटावं. बायका म्हणाल्या, इतकी वर्षं कानबाई बसते, पण अशी कधी पाहिली नाही. अगं, इतकी वर्षं बसत होती कोणाकडे? माझ्याकडे! बावीस वर्षं मी पाट मांडला, माझं कोणी असं कौतुक केलं नाही. त्यात तुझा गळा गोड. तू गाणं धरलंस की बायका माझ्याकडे पाठ करून तुझ्याकडे सरकायच्या. सासूबाईंचंही तेच, गाण्याला तू आणि चुलीला मी.

सोमवारी सकाळी सगळे बाहेर बँडपाशी जमले होते. तू आंघोळीला निघालीस, जाताना म्हणालीस, "अक्का, दिव्याकडे बघा बरं." पुढचं तुला माहीत आहे. कानबाई विसर्जनाला पांझरा नदीवर निघायच्या आत तिचा अखंड दिवा विझला. पितांबर नाना आपल्या भाऊबंदांत सगळ्यात वडील. त्यांच्यासमोर, जमलेल्या सगळ्या बठ्ठ्यांसमोर मी म्हणाले, "आईला हे घर मानवलं नाही." नानांनी हात जोडले. त्याच दुपारी कुळाचा नारळ मांडीवर घेऊन मी एस.टी.त बसले. नंतर चार जणींत हेही बोलले, की नोकरी करणाऱ्या बाईला सोवळं कुठून जमणार.

परवा सोमवारी सकाळी माझ्याकडेही तसंच झालं. निघायची गडबड, आणि दिव्याची वात तडतडायला लागली. मी हातातलं टाकून तेलाची बुधली घ्यायला अशी धावले की अर्धं तेल नव्या लुगड्यावर. सुनंदाला हसू आलं. म्हणाली, "आई, एवढी धावपळ कशाला? कानबाईला राहायचं असेल तर ती दिवा राखेलच ना. तुम्हीच तर सांगता." मी तिच्यावर खेकसले, "देवीवर काय सोडतेस? तेल माणसानं घालायचं असतं!"

बोलले, दिव्यात तेल घातलं आणि हातातल्या बुधलीकडे बघत राहिले. 

प्रमिला, तुझ्याकडचा दिवा आपोआप विझला नव्हता. तेल संपलेलं मला दिसत होतं. बुधली माझ्या गुडघ्यापाशी होती. मी हात मांडीवर ठेवून बसून राहिले. मनात म्हटलं, आईची मर्जी असेल तर राहील. खोटं नाही सांगत, मला ती माझी श्रद्धाच वाटत होती. दिवा विझला तेव्हा आधी मला बरं वाटलं, मग अंगाला कापरं भरलं, आणि त्या कापऱ्यालाच मी आईचा कौल समजले. तीन वर्षं तसंच समजत आले. माझ्या घरी मात्र आईची मर्जी मी एकदाही विचारली नाही. आईला परत आणल्यावर पहिल्याच वर्षी इथं नारळाची नथ निखळून खाली पडली, तेव्हा मी म्हणाले, दोरा जुना होता. तुझ्याकडे पडली असती तर काय म्हणाले असते, ते तूच ओळख.

भाऊजी म्हणाले, आईनं माफ करावं म्हणून तू सगळे श्रावणी सोमवार निर्जळी धरतेस. कसली माफी? तुझं काही चुकलेलं नाही. सोवळ्यातही नाही आणि कशातच नाही. आधी पाणी पी बाई, मग पुढचं वाच.

काल नानांना तोंडानं सांगायला गेले होते. ओट्यावर बसले होते. "काय वं लिले?" म्हणाले. मी तब्येत विचारली आणि परत आले. माझ्यानं बोलवलं नाही. पौर्णिमेला राखी बांधून घ्यायला ते धुळ्याला बहिणीकडे येणार आहेत. त्यांना घरी बोलाव आणि हे पत्र मोठ्यानं वाचून दाखव. तू मला सांभाळून घ्यायला मधलं गाळशील, तुझा स्वभावच तसा. गाळू नकोस. तुझा चांगुलपणा मला आधीच फार सोसावा लागलाय. यांनाही आज रात्री जेवायला वाढताना सांगणार आहे.

पुढच्या श्रावणात कानबाई तुझ्याकडे बसेल. नारळ मी स्वतः आणून देईन. बायका पुन्हा आरास बघून तोंडात बोट घालतील, तू गाशील, आणि माझा जीव जळेल. मला माहीत आहे, जळेलच. ते माझं मी बघेन, त्यात आईला ओढणार नाही.

भाऊजींना आशीर्वाद.

तुझ्यावर जळलेली आणि अजून जळणारी,
तुझी अक्का