ठणठणीत माणसाचा नमुना

४ मार्च

परत गोठलं! ज्यात गोठायला नको, नेमकं त्यातच!

खरं तर साधी गोष्ट आहे. आमच्या द्रावणात प्रथिनांचे बारीक तुकडे सुटे फिरत असतात. मूत्रपिंड बिघडायला लागलं की लघवीत एक प्रथिन गळतं. ते भेटलं की हे तुकडे आपले आपण जुळतात, धागे होतात, द्रावण गोठतं. नळी उलटी करायची — पडलं नाही तर आजार. यंत्र नको, वीज नको. आजाऱ्यांच्या नमुन्यांत झकास चालतं. पण निरोगी माणसाच्या नमुन्यातही गोठत असेल तर कसली डोंबलाची चाचणी! आणि शुक्रवारी हॉस्पिटलचे डॉक्टर बघायला येणार.

निरोगी माणूस म्हणजे माझा नवरा. सर्दीलासुद्धा गोळी घेत नाही. रोज सकाळी डब्याबरोबर बाटली हातात ठेवतो — ‘घ्या प्रोफेसरबाई, विज्ञानाला आमचा हातभार.’ लाज म्हणून नाही मेल्याला.

५ मार्च

पाणी बदललं. नळ्या पुन्हा धुतल्या. तरी तेच. अख्खी खेप ओतून दिली. पीएच.डी. करणाऱ्या पोरीवर उगाच ओरडले.

६ मार्च

आज तीच चाचरत म्हणाली, मॅडम, एकदा दुसऱ्या कुणाचा नमुना घेऊन बघू या का? काही गरज नाही म्हटलं, तो माणूस म्हणजे दगड आहे. तरी दुपारी माझा घेतला. तिचाही.

नळ्या उलट्या केल्या — दोन्ही घळाघळा टेबलावर! पोरगी नाचली, मीही नाचले. द्रावणात काही खोट नाही! घरी येईपर्यंत हवेत होते.

जिन्यात पाय अडले. द्रावणात खोट नाही, मग त्याच्या नमुन्यात का गोठतंय?

हा कांदा चिरत होता. उद्या तपासायला जायचं म्हटलं तर हसला, मला काय धाड भरलीये? मग माझं तोंड बघितलं आणि सुरी खाली ठेवली. मला फार भीती वाटतेय.

७ मार्च

आज चाचणी बघायला येणार होते, त्याच डॉक्टरांकडे याला नेलं. रक्तदाब भलताच चढलेला. कळ नाही की कुरकुर नाही! रिपोर्ट सोमवारी. काल रात्रभर डोळ्याला डोळा नाही.

१० मार्च

मूत्रपिंड नुकतंच गळायला लागलंय. ‘वेळेवर आलात,’ डॉक्टर म्हणाले, ‘गोळ्यांनी आवरेल.’ भर दवाखान्यात रडले. हा कानात पुटपुटला, ‘आता दुसरा निरोगी बघ बाई.’