आईने सांगितलेला अर्थ

आई,

दुसरीत असताना शाळेतून आल्या आल्या मी विचारलं होतं, "अग्ली म्हणजे काय गं? सगळ्या मुली मला म्हणतात." तू अभ्रे शिवत होतीस. मशीन थांबवलंस, माझ्या गालावरच्या काळ्या डागावर बोट टेकवलंस आणि म्हणालीस, "अग्ली म्हणजे लाडकी. जळतात मेल्या!"

मी हरखले. तेव्हापासून घरात तोच शब्द. "ऊठ गं माझी अग्ली," तू म्हणायचीस. "तू पण अग्ली," म्हणत मी गळ्यात पडायचे. पाचवीत खरा अर्थ कळला, तरी गप्प बसले. वाटलं, बिचारीला इंग्रजी कुठे येतं, कशाला तिचा शब्द मोडा?

तू गेल्यावर काल तुझं कपाट आवरताना मावशी म्हणाली, "त्या अग्लीपायी ताई दुसऱ्याच दिवशी शाळेत जाऊन बाईंशी कडाकडा भांडली होती." म्हणजे तुला सगळं ठाऊक होतं तर! आणि मी आपली समजत होते, मीच तुला सांभाळतेय.

मघाशी शेजारच्या काकू म्हणाल्या, "या रंगात छान दिसतेस हो." मला मेलं ते छान नकोय गं. अग्ली म्हणणारं माणूसच उरलं नाही.

तुझीच,
अग्ली